वनमालाकाकूंची उजवी सीट

मुलुंडच्या चेक नाक्यावर नवा हवालदार आला की त्याची पहिली फजिती वनमालाकाकूंच्या हातून व्हायची, हे ठरलेलं. लांबून होडीएवढी फिकट हिरवी गाडी येताना दिसायची. उजव्या खिडकीत, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, साठीची एक बाई ताठ बसलेली. केसांत अबोली, मांडीवर पर्स, नजर रस्त्यावर, आणि दोन्ही हात मोकळे. हवालदार शिट्टी मारायचा, गाडी थांबायची, आणि तो उजव्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "मॅडम, लायसन्स."

"माझ्याकडे नाही," काकू शांतपणे सांगायच्या.

"लायसन्स नाही? आणि स्टिअरिंग कुठंय?"

"ते यांच्याकडे दिलंय."

मग हवालदार वाकून पलीकडे बघायचा. डाव्या बाजूला काकूंचे यजमान देवदत्त परब स्टिअरिंगला मिठी मारून बसलेले असायचे. गाडी परदेशी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. पाठीमागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं हातभर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण शिट्टी मारणारा माणूस गाडीच्या पुढे उभा राहतो, त्याला परबकाकांनी तरी काय करावं?

गाडी अमेरिकन, १९५४ सालची. कुठल्या कंपनीची ते विचारू नका. नाकावरचं नाव कधीच गळून पडलं आणि त्या जागी काकांनी घराच्या दारावरची पितळी पाटी आणून ठोकली. तेव्हापासून गाडीवर 'दे. सो. परब' आणि दारावर चार भोकं. कुरियरवाले अजूनही शेजारी पार्सल देऊन जातात.

काका बादल्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते, तिथल्या शेठची ही गाडी. शेठने ती कुठल्याशा परदेशी साहेबाकडून हौसेने घेतली, पण ती चालू व्हायची फक्त परबांच्या हाताने. शेठचे तीन ड्रायव्हर नोकरी सोडून गेले. शेवटी त्र्याण्णव साली शेठच कंटाळला आणि म्हणाला, "परब, ही तुझंच ऐकते. तूच घेऊन जा बाबा." काका ती घेऊन आले तेव्हा काकू ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. खिडकीतून खाली बघून त्यांनी एवढंच विचारलं की हे खाली काय आलंय, आणि ते कधी जाणार आहे.

ते गेलं नाही. उलट काकूंचं स्वयंपाकघर हळूहळू त्याच्यात गेलं. गाडीचा पार्ट अमेरिकेहून येणार नव्हता आणि काका आणायला जाणार नव्हते, मग राहिलं काय? रेडिएटरच्या झाकणाला कुकरची रिंग बसली. त्या रविवारी घरात डाळ शिजली नाही, गाडी मात्र ठाण्याला जाऊन आली. सायलेन्सरला भोक पडलं तेव्हा फरसाणाचा पत्र्याचा डबा कापून गुंडाळला. इंजिन तापलं की आजही शेवेचा वास येतो अशी काकूंची तक्रार आहे, आणि काकांना तो वास आवडतो. वायपरची मोटर जळली तेव्हा काकांनी दोन्ही वायपरना परकराची नाडी बांधली आणि तिचं टोक आत काकूंच्या हातात दिलं. पाऊस आला की काकूंनी ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. जोराचा पाऊस असेल तर काकूंचा खांदा दुसऱ्या दिवशी शेकावा लागायचा.

काकूंची सीट तर थेट एका पाडलेल्या सिनेमा थिएटरमधून आलेली. मागे 'एच १२' लिहिलेलं. काकू उठल्या की सीट फट्कन उभी राहायची. स्पीडोमीटर कधीचाच बंद होता, पण चाळिसाच्या वर गाडी गेली की समोरचा कप्पा आपोआप उघडायचा आणि त्यातल्या आल्याच्या वड्या काकूंच्या मांडीवर पडायच्या. "वड्या पडल्या, हळू घ्या," असं काकू म्हणायच्या. त्या घरात वेगाला तेवढंच माप होतं.

आणि वळायचं असेल तेव्हा? उजवीकडचा इंडिकेटर लागायचा नाही आणि काकांचा हात उजव्या खिडकीपर्यंत पोचायचा नाही. मग काकू खिडकीतून हात बाहेर काढायच्या. नुसता हात दिसत नाही म्हणून त्यावर गरम भांडी धरायचा लाल कापडी पंजा चढवायच्या. मुलुंड पश्चिमेच्या रिक्षावाल्यांत त्यांना 'पंजावाली आजी' म्हणायचे. काकूंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण गाडीतलं खरं काम वेगळंच होतं. काका बसणार डावीकडे, अगदी फुटपाथच्या कडेला. पुढे टेम्पो किंवा बस असली की पलीकडून काय येतंय ते त्यांना काडीचंही दिसायचं नाही. ते दिसायचं फक्त काकूंना. काकू किंचित बाहेर झुकून बघायच्या आणि म्हणायच्या, "थांबा." काका थांबायचे. मग म्हणायच्या, "घ्या." काका घ्यायचे. विचारायचे नाहीत, वाद घालायचे नाहीत, मान वळवून खात्री करायचे नाहीत. डोळे मिटून घेतल्यासारखे बिनधास्त गाडी बाहेर काढायचे. एकतीस वर्षं. एक ओरखडा नाही.

आता घरातलं ऐका. हॉलला निळा रंग नको म्हटलं, निळाच दिला. फ्रिज खिडकीजवळ नको म्हटलं, तिथेच ठेवला. गावच्या घराचं छप्पर पावसाच्या तोंडावर काढू नका म्हटलं, काढलं आणि सगळे छत्री घेऊन जेवले. काकू बोलायच्या, काका "हां हां" म्हणायचे आणि स्वतःच्या मनाचं करायचे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना ऐकूच यायचं नाही. वनमालाकाकूंचं ऐकलं जायचं अशी या जगात एकच जागा होती आणि ती उजव्या बाजूला होती, एच बारा.

म्हणून जेव्हा पासिंगची तारीख आली तेव्हा काकूंची झोप उडाली.

जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. तपासणीत गाडी बसली तर ठीक, नाहीतर भंगारात. आजवर साहेब लांबूनच बघून शिक्का मारायचे, पण या वेळी तपासणी फार कडक आहे असं सगळीकडे बोललं जात होतं. त्यांची मुलगी गार्गी कांदिवलीला राहते आणि तिची जीभ आईपेक्षा दुप्पट चालते. ती फोनवर म्हणाली, "आई, नापास झाली तर सुटलीस की गं तू. ओला मागव, मागे बस, एसी खा."

"मागे बसून काय करू?"

"काही करायचंच नसतं, आई. पॅसेंजर म्हणजे तेच."

काकूंनी फोन ठेवला. मागे बसून काही न करणं हे घरी रोजच चालू होतं, त्यासाठी ओला कशाला मागवायची? त्यांनी संकष्टीला जास्तीचे मोदक केले, गाडीचे पितळी भाग चिंचेने घासले, आणि देवापुढे हात जोडून स्पष्ट सांगितलं की बाकी काही मागत नाही, गाडी तेवढी पास कर.

तपासणीचं मैदान सकाळी आठलाच गाड्यांनी भरलं होतं. इन्स्पेक्टर तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, नाकावरची पाटी वाचली, सायलेन्सरपाशी वाकून हुंगलं आणि विचारलं, "फरसाण?"

"शेव," काकू म्हणाल्या.

मग त्याने उजवीकडचं दार उघडलं आणि एच बारावर बसला. सीट त्याच्यासह एकदा वर आली आणि खाली गेली. काकू दाराशी उभ्याच राहिल्या. "मावशी, तुम्ही मागे बसा," तो म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काकू मागे बसल्या. मागून रस्ता दिसत नव्हता, दोन डोकी दिसत होती.

आता काकांची एक पद्धत आहे. त्यांचं गाव मालवणजवळ. गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्यांनी आजवर किल्ली फिरवलेली नाही. त्यांनी स्टिअरिंगला हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही गाडी परीक्षेक इलीहा. हिची लाज राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काकू मागून म्हणाल्या.

"मैदानात काय खड्डो, टेम्पो आडवो इलो तर त्येका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बाजूक बसलल्या सायबाक चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," या वेळी दोन आवाज आले. दुसरा पुढच्या सीटवरून होता. इन्स्पेक्टरचे कान लाल झाले. त्याने टॅबमध्ये डोकं खुपसलं आणि पुटपुटला, "देवगड. सवय असते. तुम्ही चालवा."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. काकांनी ऐटीत अर्धी चक्कर मारली. ब्रेक लागले, हॉर्न वाजला. वायपर दाखवा म्हटल्यावर काकांनी नाडीचं टोक साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं, आणि आपण हे का करतोय असा चेहरा करून थांबले. टॅबवर काहीतरी लिहिलं. मग समोर मुद्दाम उभा केलेला एक टेम्पो आला, त्याला उजवीकडून वळसा घालून पुढे जायचं होतं. काकांनी गाडी टेम्पोच्या मागे आणून उभी केली आणि वाट बघू लागले.

"चला," इन्स्पेक्टर म्हणाला.

काका हलले नाहीत.

"चला ना काका. रस्ता मोकळा आहे, मी बघतोय."

"तुम्ही बघताय ते बरोबर," काका नम्रपणे म्हणाले, "पण तुमचं आपल्याला काय माहीत?"

मागून दोन रिक्षा, एक शाळेची बस आणि एक पाण्याचा टँकर येऊन थांबले. सगळ्यांनी हॉर्न धरला. इन्स्पेक्टरने आवाज चढवला, काका स्टिअरिंग घट्ट धरून बसले. शेवटी काकूंनी मागच्या खिडकीतून कंबरेपर्यंत अंग बाहेर काढलं, पुढे नजर टाकली आणि म्हणाल्या, "घ्या." 'घ्या' पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत गाडी टेम्पोच्या पुढे होती.

इन्स्पेक्टरने गाडी बाजूला घ्यायला लावली. "गाडी चालवतं नक्की कोण?" त्याने विचारलं.

"ही," काका म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मावशी, तुमचं लायसन्स?"

काकूंना रडू यायचं बाकी राहिलं. नाक्यावरचा विनोद नाक्यावर ठीक, इथे त्याचं उत्तर कुठून आणायचं? इन्स्पेक्टर मात्र वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळ पुसलं आणि समजावून सांगितलं. इंजिन ठणठणीत आहे, ब्रेक झकास आहेत, पण वायपर मोटरवर चालले पाहिजेत, इंडिकेटर लागला पाहिजे, आणि चालकाला समोरचा रस्ता स्वतःला दिसला पाहिजे, बायकोला दिसून उपयोग नाही. पंधरा दिवसांत सोय करून आणा, नाहीतर मला नापास लिहावं लागेल.

वायपर आणि इंडिकेटर ही काकांसाठी क्षुल्लक गोष्ट. मिक्सरची मोटर वायपरला लागली, एवढंच की आता एक नंबरवर वायपर फिरायचे आणि तीन नंबरवर ते दिसेनासे व्हायचे. अडलं ते समोरचं दिसण्याशी. त्यावर तोड गार्गीने काढली. रविवारी आली होती, चहा पीत म्हणाली, "बाबा, कॅमेरा लावा ना उजव्या बाजूला. तुमच्यासमोर स्क्रीन. झालं."

काकांनी कप खाली ठेवला, उठले, आणि सरळ दाराशी गेले. मागच्याच दिवाळीत गार्गीने घराला कॅमेऱ्याची बेल बसवून दिली होती. बाहेर कोणी उभं राहिलं की आत छोट्या स्क्रीनवर चेहरा दिसतो आणि एक बाई गोड आवाजात म्हणते, "प्लीज ओपन द डोअर." संध्याकाळपर्यंत कॅमेरा गाडीच्या उजव्या कानापाशी आणि स्क्रीन काकांच्या नाकासमोर बसली होती.

"आता घराचं दारच काय ते राहिलंय," काकू म्हणाल्या. "ते कधी नेताय?"

"हां हां," काका म्हणाले.

दुसऱ्या तपासणीला इन्स्पेक्टर पुन्हा एच बारावर बसला. टेम्पो आला. काकांनी स्क्रीनकडे बघितलं. पुढून दुसरी गाडी येत होती, तोच बाई म्हणाली, "प्लीज ओपन द डोअर," आणि इन्स्पेक्टर दार उघडून खाली उतरला. दोन पावलं गेल्यावर त्याला आपण कुठे चाललोय ते कळेना. तो परत आला, बसला, काही झालंच नाही असं दाखवून म्हणाला, "पुढे." रस्ता मोकळा झाला आणि काका आपले आपण, स्क्रीनवर बघून, टेम्पोला वळसा घालून पुढे गेले. मागे बसलेल्या काकूंना कोणी काही विचारलं नाही. गाडी पास झाली. पाच वर्षांसाठी.

काकूंनी देवाला नमस्कार केला, पेढे आणले, सगळ्या मजल्यांवर वाटले. हसून वाटले. आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मागितलं तेच मिळालं होतं, तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? गाडी पास कर म्हणाल्या होत्या, मला पण ठेव असं म्हणायचं राहून गेलं होतं. एका बेलने त्यांची जागा घेतली होती, आणि तेही इंग्रजी बोलणाऱ्या. काका बाजूला बसून पासिंगचा कागद तिसऱ्यांदा वाचत होते. काकूंचा राग त्यांच्या लक्षात आला नाही, कारण तो घरात चालला होता.

पुढच्या रविवारी गार्गीकडे जेवायला जायचं ठरलं. फणसाची भाजी डब्यात भरली, दोघं खाली उतरली. काकू एच बारावर बसल्या, पण आज पर्स मांडीवर, हात पर्सवर आणि तोंड बंद. लाल पंजा त्यांनी घरीच ठेवला होता. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणाल्या, कारण देवाशी भांडण नव्हतं. पण तेवढंच.

सोसायटीच्या मागचा रस्ता अरुंद आहे. वळणावर पाण्याचा टँकर उभा होता, अर्धा रस्ता अडवून, पाइप एका इमारतीत सोडलेला. काकांनी गाडी त्याच्या मागे थांबवली. स्क्रीनवर पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता. एक स्कूटर येत होती. "प्लीज ओपन द डोअर," बाई म्हणाली. स्कूटर गेली. एक भाजीची हातगाडी आली. "प्लीज ओपन द डोअर." तीही गेली. रस्ता मोकळा. काका तसेच.

काकू खिडकीबाहेर एका इमारतीवरचं प्लास्टर बघत राहिल्या.

मागे एक रिक्षा आली, मग एक कार. हॉर्न सुरू झाले. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"काय गो," ते म्हणाले, "जाऊ?"

"टीव्ही लावलाय ना तुमच्यासमोर? त्यात बघा."

"बघतंय."

"मग? काय दिसतंय त्यात?"

"रस्तो दिसता," काका म्हणाले. "सगळो दिसता. पण जाऊ काय नको, तां खय दिसता?"

 काकूंनी हळूच मान फिरवून यजमानांकडे बघितलं. काका स्क्रीनकडे बघतच नव्हते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, पाय ब्रेकवर ठेवून, निळ्या हॉलचा आणि खिडकीजवळच्या फ्रिजचा तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मागून आता चार गाड्या ओरडत होत्या तरी त्याला कसली घाई नव्हती. काकूंना बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि रागही आला की एवढं बोलायला या माणसाला एकतीस वर्षं आणि एक टँकर लागला.

त्या खिडकीतून बाहेर झुकल्या. रस्ता लांबवर रिकामा होता. एक मांजर होतं, तेही गेलं.

"थांबा," वनमालाकाकू म्हणाल्या.

काका थांबले. मागचा रिक्षावाला उतरून शिव्या देत पुढे येऊ लागला, कारवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. रस्त्यावर तेव्हाही कोणी नव्हतं. काकूंनी काकांना आणखी थोडा वेळ थांबवून ठेवलं.